सेंट्रोमिअर सक्रिय की निष्क्रिय? प्रथिनं रंगवून ओळखण्याची पद्धत, किनारपट्टीवरच्या प्रयोगशाळांसाठी

कॅरिओटाइपमध्ये (पेशीतल्या सगळ्या गुणसूत्रांच्या मांडणीत) दोन सेंट्रोमिअर असलेलं गुणसूत्र सापडलं की (सेंट्रोमिअर म्हणजे पेशीविभाजनात गुणसूत्र ओढणारे धागे जिथे जोडले जातात ती जागा) पुढचा प्रश्न ठरलेला असतो: यातलं काम करणारं कोणतं? उत्तर मिळतं ते सेंट्रोमिअरवर बसलेली प्रथिनं अँटीबॉडीने रंगवून. कोकणातल्या कॉलेजांत आणि निदान केंद्रांत ही तपासणी करायला घेतली की दोन चुका हमखास होतात. पहिली म्हणजे, कॅरिओटाइपसाठी मिथेनॉल आणि ॲसेटिक ॲसिडमध्ये ठेवलेल्या पेशींवरच अँटीबॉडी घातली जाते आणि ठिपके उमटले नाहीत की खापर अँटीबॉडीवर फुटतं. दुसरी चूक अधिक घातक आहे. क्रेस्ट सीरम (सेंट्रोमिअरच्या प्रथिनांविरुद्ध अँटीबॉडी असलेलं रुग्णांचं सीरम) वापरायचं आणि जिथे ठिपका दिसेल ते सेंट्रोमिअर सक्रिय म्हणून लिहून मोकळं व्हायचं. पहिल्या चुकीत निकालच येत नाही. दुसरीत चुकीचा निकाल येतो, आणि तो दिसतो अगदी स्वच्छ, त्यामुळे कोणाला शंकाही येत नाही.

खालची पद्धत फिक्स न केलेल्या (रसायनाने पक्क्या न केलेल्या), सायटोस्पिनने (पेशी फिरवून स्लाइडवर बसवणाऱ्या यंत्राने) स्लाइडवर बसवलेल्या गुणसूत्रांसाठी आहे. पायऱ्यांचा क्रम बदलू नका. इथे फिक्सिंग अँटीबॉडीच्या नंतर येतं, आणि सगळी गोम तिथेच आहे.

## आधी हे पक्कं करा: कोणतं प्रथिन काय सांगतं

सेन्प-ए हा हिस्टोन एच-३ चा भाऊबंद. सेंट्रोमिअरच्या न्यूक्लिओसोममध्ये तो एच-३ च्या जागी बसतो. सक्रिय सेंट्रोमिअरवर असतो, निष्क्रियवर नसतो.

सेन्प-सी कायनेटोकोअरच्या, म्हणजे सेंट्रोमिअरवर धागे धरणाऱ्या प्रथिनांच्या रचनेच्या, आतल्या थरात असतं. तेही फक्त सक्रिय सेंट्रोमिअरवर.

सेन्प-बी मात्र डीएनएचा क्रम ओळखून बसतं. अल्फा सॅटेलाइट म्हणजे सेंट्रोमिअरवरचा पुन्हा पुन्हा येणारा डीएनए. त्याचा एकेक तुकडा सुमारे १७१ बेसजोड्यांचा. त्यातल्या काही तुकड्यांत १७ बेसजोड्यांचा एक ठराविक क्रम असतो, त्याला सेन्प-बी बॉक्स म्हणतात. तो क्रम जिथे आहे तिथे सेन्प-बी बसणार, मग सेंट्रोमिअर जागं असो वा झोपलेलं. म्हणून सेन्प-बीचा ठिपका सक्रियतेचा पुरावा नाही. उलट बाजूही तितकीच महत्त्वाची आहे: सेन्प-बी नाही म्हणून सेंट्रोमिअर निष्क्रिय, असंही म्हणता येत नाही. वाय गुणसूत्राच्या सेंट्रोमिअरवर सेन्प-बी बॉक्स नाहीत, तरी ते उत्तम काम करतं. भलत्याच जागी नव्याने तयार झालेल्या निओसेंट्रोमिअरवर अल्फा सॅटेलाइटही नसतो आणि सेन्प-बीही नसतं, पण सेन्प-ए आणि सेन्प-सी दोन्ही असतात.

क्रेस्ट सीरम हे स्क्लेरोडर्माच्या मर्यादित प्रकारातल्या रुग्णांचं सीरम. त्यात सेन्प-ए, बी आणि सी तिन्हींविरुद्ध अँटीबॉडी असू शकतात, आणि बहुतेकदा सेन्प-बीविरुद्धची बलवत्तर असते. निष्क्रिय सेंट्रोमिअरवर क्रेस्टचा ठिपका दिसतो तो या सेन्प-बीमुळे. क्रेस्ट वापरायला हरकत नाही, पण "सेंट्रोमिअर कुठे कुठे आहेत" एवढंच त्याला विचारा.

सेन्प-ई आणि सेन्प-एफ ही प्रथिनंही सक्रिय कायनेटोकोअरवर येतात, पण पेशीविभाजनाच्या ठराविक टप्प्यापुरतीच. जादा पुरावा म्हणून ठीक. मुख्य भिस्त त्यांच्यावर नको.

तपासा: ऑर्डर देण्याआधी जोडी ठरवा. एका रंगात सेन्प-सी, दुसऱ्यात सेन्प-बी, ही आमच्या मते सर्वांत उपयोगी जोडी. सेन्प-बी दोन्ही जागा दाखवतं आणि सेन्प-सी त्यातली सक्रिय कोणती ते सांगतं. दुसऱ्या स्लाइडवर सेन्प-ए लावून खातरजमा करा. पैसे एकाच अँटीबॉडीपुरते असतील तर सेन्प-सी घ्या, आणि जागा नंतर अल्फा सॅटेलाइटच्या फिशने (ठराविक डीएनएवर बसणारा रंगीत तुकडा, म्हणजे प्रोब, लावून) दाखवा. सेन्प-सी आणि सेन्प-बीच्या अँटीबॉडी वेगवेगळ्या प्राण्यांतल्या हव्यात, उदाहरणार्थ एक सशातली, एक उंदरातली. दोन्ही सशातल्या मागवल्या तर एकत्र लावता येणार नाहीत.

## तयारी

इथेच वेळ द्या. या तपासणीतले निम्म्याहून अधिक घोळ पहिल्या पायरीच्या आधी झालेले असतात.

वेळापत्रक. रक्ताचं कल्चर ७२ तासांचं. हार्वेस्टच्या दिवशी सकाळपासून संध्याकाळपर्यंत हात मोकळे हवेत, कारण पेशी फुगवल्यापासून फिक्स करेपर्यंत मध्ये थांबता येत नाही. गणपतीच्या आठवड्यात, होळीला नमुना स्वीकारताना चौथ्या दिवशी प्रयोगशाळेत कोण असेल ते आधी विचारा. वीज जाण्याचा भरवसा नसेल तर इन्क्युबेटर आणि उणे २० चा फ्रीझर इन्व्हर्टरवर घ्या.

नमुना. ५ मिलि रक्त, सोडियम हेपॅरिनच्या नळीत. ईडीटीएच्या नळीतलं रक्त परत पाठवा. त्यात लिम्फोसाइट नीट वाढत नाहीत. कुडाळ-मालवणहून रत्नागिरीला किंवा दापोलीहून चिपळूणला नमुना येणार असेल तर तो २० ते २५ अंशांत राहील असा थर्मोकोलच्या डब्यात पाठवायला सांगा. बर्फाला नळी टेकता कामा नये, आणि मे महिन्यात एसटीच्या टपावर किंवा डिकीत डबा तापताही कामा नये. २४ तासांत कल्चरला लागलेला नमुना उत्तम. नळीवर नाव नको, सांकेतिक क्रमांक घाला, आणि संमतिपत्र मराठीत समजावून सही घ्या.

बफर. केसीएम हे या पद्धतीचं मुख्य बफर. एक लिटरसाठी:

- पोटॅशियम क्लोराइड ८.९५ ग्रॅम (१२० मिलिमोलर)
- सोडियम क्लोराइड १.१७ ग्रॅम (२० मिलिमोलर)
- १ मोलर ट्रिस, पीएच ८.०, १० मिलि (१० मिलिमोलर)
- ०.५ मोलर ईडीटीए १ मिलि (०.५ मिलिमोलर)
- १० टक्के ट्रायटन एक्स-१०० चं द्रावण १० मिलि (०.१ टक्का)

ट्रायटन थेट बाटलीतून पिपेटने ओढू नका. ते मधासारखं घट्ट असतं, टीपला चिकटून राहतं आणि दर खेपेला वेगळंच माप पडतं. आधी १० टक्क्यांचं द्रावण करून ठेवा.

फुगवण्यासाठी ७५ मिलिमोलर पोटॅशियम क्लोराइड, म्हणजे लिटरला ५.५९ ग्रॅम. हे त्याच दिवशी करा. पाणी ऊर्ध्वपातित किंवा डीआयोनाइझ केलेलंच हवं. विहिरीचं वा बोअरवेलचं पाणी घरगुती फिल्टरमधून काढून चालणार नाही. त्यातले क्षार फुगण्याचं गणितच बदलतात.

अँटीबॉडी. पावसाआधी घराघरांत आगोटीची बेगमी होते तशी अँटीबॉडी आणि सीरमची बेगमी मे महिन्यातच करा. जुलैत घाटात दरड कोसळली की बर्फातलं पार्सल वाटेत कुठे किती वेळ पडून राहील याचा नेम नसतो. पार्सल उघडल्याबरोबर जेलपॅक थंड आहेत का ते पाहा आणि नोंद करा. अँटीबॉडी १० मायक्रोलिटरच्या वाट्यांत विभागून गोठवा. एकदा वितळलेली वाटी ४ अंशांवर ठेवून संपवा. पुन्हा पुन्हा गोठवली-वितळवली की ठिपके दर खेपेला फिके होत जातात. माहितीपत्रकात गोठवू नका असं लिहिलं असेल तर अर्थातच तेच पाळा.

मायक्रोस्कोप. पावसाळ्यात लेन्सवर आणि फिल्टरवर बुरशी धरते, आणि फ्लुरोसन्समध्ये ती पसरट धुक्यासारखी दिसते. फिल्टर क्यूब आणि ऑब्जेक्टिव्ह सिलिका जेलच्या हवाबंद डब्यात ठेवा. जेलचा रंग बदलला की ते भाजून कोरडं करा.

> धोका: या पद्धतीत अँटीबॉडी लावून होईपर्यंत पेशी फिक्स झालेल्या नसतात. मिथेनॉल-ॲसेटिक ॲसिडने जंतू मरतात, तो आधार इथे नाही. सायटोस्पिन करतानाही ते मानवी रक्तच आहे असं समजून हातमोजे, चष्मा, झाकणाचा रोटर वापरा. फॉर्मल्डिहाइड आणि फॉर्मामाइड धुराड्याच्या कपाटातच हाताळा. गरोदर सहकाऱ्यांनी फॉर्मामाइड हाताळू नये.

## पायरी १: लिम्फोसाइट वेगळे करून कल्चर

कॅरिओटाइपला सगळं रक्त तसंच माध्यमात टाकलं तरी चालतं. इथे ते करू नका. तांबड्या पेशींची टरफलं सायटोस्पिनमध्ये स्लाइडवर येऊन बसतात आणि त्यांवर अँटीबॉडी चिकटते.

रक्तात तेवढंच पीबीएस (फॉस्फेटचं खारट बफर) मिसळा, १.०७७ घनतेच्या फायकॉलवर अलगद थर द्या, ४०० जी ला ३० मिनिटं फिरवा, ब्रेक बंद ठेवून. फायकॉलची घनता २० अंशांच्या आसपास धरलेली असते. एप्रिल-मेमध्ये ३३ अंशांच्या खोलीत ती उतरते आणि लिम्फोसाइट पांढऱ्या थरात न थांबता खाली जातात. एसीच्या खोलीत, फायकॉल आणि रक्त दोन्ही तिथल्या तापमानाला आणूनच हे करा.

पांढरा थर काढून पीबीएसने दोनदा धुवा. आरपीएमआय १६४० माध्यम, १५ टक्के फीटल बोवाइन सीरम आणि कंपनीने दिलेल्या प्रमाणात फायटोहिमॅग्लुटिनिन (ते लिम्फोसाइटना विभाजनाला लावतं). मिलिलिटरला ५ ते १० लाख पेशी. ३७ अंश, ७२ तास. कार्बन डायऑक्साइडचा इन्क्युबेटर नसेल तर २५ मिलिमोलर हेपेस असलेलं माध्यम घ्या आणि नळीचं झाकण घट्ट लावून साध्या इन्क्युबेटरमध्ये ठेवा.

तपासा: ४८ तासांनी नळी उजेडात धरा. पेशींचे पुंजके दिसायला हवेत. माध्यम पिवळं पडून गढूळ झालं असेल तर संसर्ग आहे. तो नमुना वाचवत बसू नका.

## पायरी २: कोल्सेमिड

कोल्सेमिड पेशीविभाजन मध्येच थांबवतं. कल्चरच्या शेवटच्या तासात मिलिलिटरला ०.१ मायक्रोग्रॅम. एक तास पुरे. जास्त मेटाफेज (विभाजनाच्या मधल्या टप्प्यातल्या, गुणसूत्रं स्पष्ट दिसणाऱ्या पेशी) मिळावेत म्हणून रात्रभर ठेवलं तर गुणसूत्रं आखडून बुटकी होतात, आणि रॉबर्टसोनियन गुणसूत्रावरचे (दोन गुणसूत्रं सेंट्रोमिअरपाशी जोडली जाऊन झालेल्या गुणसूत्रावरचे) जवळजवळचे दोन सेंट्रोमिअर एकमेकांत मिसळून जातात. आपल्याला नेमका तोच फरक पाहायचा आहे.

## पायरी ३: फुगवणं

कॅरिओटाइपमध्ये फिक्सेटिव्ह घातलं की फुगणं थांबतं. इथे थांबवणारं काहीच नाही. केसीएममध्ये स्लाइड जाईपर्यंत पेशी फुगतच असतात. म्हणून सगळ्या पेशी एकदम फुगवू नका. बाकीच्या पेशी माध्यमातच ठेवा आणि दोन-दोन स्लाइडपुरत्या पेशी वेगळ्या काढत चला.

१. पेशी २०० जी ला ५ मिनिटं फिरवा, माध्यम काढून टाका.
२. गाळ बोटाने टिचक्या मारून मोकळा करा. गुठळी राहिली तर बाहेरच्या पेशी फुटतात आणि आतल्या तशाच राहतात.
३. ७५ मिलिमोलर पोटॅशियम क्लोराइड थेंबाथेंबाने घाला. अंतिम संख्या मिलिलिटरला सुमारे १ लाख पेशी.
४. २५ अंशांवर १० मिनिटं.

"खोलीच्या तापमानाला" असं कुठेही लिहिलेलं असलं तरी इथे पाण्याच्या टबात थर्मामीटर ठेवून तापमान पाहा. जानेवारीतली पहाट आणि ऑक्टोबरची दुपार यांत पेशी एकाच वेगाने फुगत नाहीत. पहिल्याच वेळी ८, १० आणि १३ मिनिटांच्या तीन स्लाइड करा, पुढच्या पायरीत त्यांतली योग्य वेळ निवडा आणि तीच कायम ठेवा.

## पायरी ४: सायटोस्पिन

धनभारित स्लाइड घ्या. मागच्या बाजूने हिऱ्याच्या टोकाने वर्तुळ आखा; नंतर ओल्या स्लाइडवर पेशी कुठे आहेत ते दिसत नाही.

फनेलमध्ये २०० मायक्रोलिटर घाला, २००० फेऱ्यांना ८ ते १० मिनिटं, वेग पटकन वाढणाऱ्या सेटिंगवर. कमी वेगात गुणसूत्रं पसरत नाहीत, चेंडूसारखी गोळा राहतात.

तपासा: फनेल काढल्याबरोबर स्लाइड फेज कॉन्ट्रास्टखाली २० च्या ऑब्जेक्टिव्हने पाहा. अर्ध्या मिनिटात उरका. मेटाफेज विखुरलेले, गुणसूत्रं सुटी, पण एका पेशीची एका घोळक्यात हवीत. घट्ट गोळा दिसला तर फुगवण्याचा वेळ वाढवा. गुणसूत्रांच्या कडा विरलेल्या, दोन क्रोमॅटिड फाकलेले, आणि दोरे निघाल्यासारखे दिसले तर वेळ कमी करा. जास्त फुगलेल्या पेशीत सेंट्रोमिअर ताणलं जातं आणि एका ठिपक्याचे तीन-चार तुकडे दिसतात. अशा स्लाइडवर "दोन सक्रिय सेंट्रोमिअर" फार सहज सापडतात, आणि ती खोटी असतात.

स्लाइड पूर्ण सुकू देऊ नका. कडा सुकायला लागल्या की लगेच पुढची पायरी. पावसाळ्यात हवेत इतकी ओल असते की स्लाइड पाच मिनिटं ओलीच राहते. वाट पाहू नका, एका मिनिटात केसीएममध्ये घाला.

## पायरी ५: केसीएम

उभ्या जारमध्ये १० मिनिटं. ट्रायटनमुळे पेशीपटल विरघळतं, अँटीबॉडीला वाट मिळते आणि फुगणंही थांबतं. स्लाइड सरळ उभी सोडा. वरून बफर ओतलं तर फिक्स न झालेली गुणसूत्रं वाहून जातात.

## पायरी ६: अँटीबॉडी

अँटीबॉडी पातळ करायला केसीएममध्ये १ टक्का बीएसए (गाईच्या सीरममधलं अल्ब्युमिन). प्रमाण प्रत्येक अँटीबॉडीचं स्वतंत्र काढावं लागतं. १:१००, १:३००, १:१००० अशा तीन स्लाइड नेहमीच्या निरोगी नमुन्यावर लावा. पार्श्वभूमी काळी राहून ठिपके स्पष्ट दिसतात ते सर्वांत पातळ प्रमाण निवडा. रुग्णाच्या नमुन्यावर हा प्रयोग करू नका.

१. वर्तुळाभोवतीचं बफर टिश्यूने टिपा. वर्तुळ ओलंच ठेवा.
२. दोन्ही प्राथमिक अँटीबॉडी मिसळलेले ५० मायक्रोलिटर घाला. वर पॅराफिल्मचा तुकडा अलगद ठेवा, बुडबुडा राहू देऊ नका.
३. ओल्या डब्यात ३७ अंशांवर १ तास.
४. पॅराफिल्म ओढून काढू नका. स्लाइड केसीएममध्ये उभी केली की तो आपोआप सुटतो.
५. केसीएमने तीनदा, प्रत्येकी ५ मिनिटं.
६. रंगीत दुय्यम अँटीबॉडी (प्राथमिक अँटीबॉडीला धरणारी), अंधारात, ३७ अंशांवर ३० मिनिटं.
७. पुन्हा तीनदा केसीएम.

दुय्यम अँटीबॉडी इतर प्राण्यांच्या प्रथिनांवर शोषून घेऊन शुद्ध केलेल्याच घ्या. तसं न केल्यास उंदराविरुद्धची दुय्यम अँटीबॉडी सशाच्या अँटीबॉडीलाही थोडी धरते, आणि सेन्प-बीचे सगळे ठिपके सेन्प-सीच्या रंगात फिकट उमटतात. म्हणजे निष्क्रिय सेंट्रोमिअर सक्रिय दिसतं!

क्रेस्ट वापरणार असाल आणि पेशी ईबीव्हीने (एपस्टीन-बार विषाणूने) अमर केलेल्या बी-लिम्फोसाइटच्या असतील, तर मानवी इम्युनोग्लोब्युलिनविरुद्धची दुय्यम अँटीबॉडी त्या पेशींच्या स्वतःच्या इम्युनोग्लोब्युलिनलाही चिकटते. पार्श्वभूमी उजळ दिसली तर आधी हे कारण तपासा.

प्रत्येक खेपेला या तीन जादा स्लाइड हव्यात: एक फक्त दुय्यम अँटीबॉडीची, एक फक्त सेन्प-बी अधिक दोन्ही दुय्यम, म्हणजे रंगाची गळती कळेल, आणि एक निरोगी पुरुषाच्या पेशींची. शेवटच्या स्लाइडवर वाय गुणसूत्रावर सेन्प-सी दिसलं आणि सेन्प-बी दिसलं नाही, तर दोन्ही अँटीबॉडी आपापलं काम करताहेत याची यापेक्षा चांगली खूण नाही.

## पायरी ७: आता फिक्स करा

केसीएममध्ये ४ टक्के फॉर्मल्डिहाइड, १० मिनिटं. केसीएममध्ये ट्रिस आहे म्हणून घाबरू नका. ४ टक्के म्हणजे सुमारे १.३ मोलर फॉर्मल्डिहाइड, त्यापुढे १० मिलिमोलर ट्रिस नगण्य आहे. बाटलीच्या तळाशी पांढरा साका दिसत असेल तर ते फॉर्मल्डिहाइड टाकून द्या.

नंतर ऊर्ध्वपातित पाण्यात एकदा बुडवा, डॅपी (डीएनए निळा दाखवणारा रंग) मिसळलेलं अँटीफेड (रंग विटू न देणारं द्रावण) लावा, कव्हरस्लिप ठेवा, कडा पारदर्शक नेलपॉलिशने बंद करा. दमट हवेत नेलपॉलिश वाळायला वेळ लागतो. ओलं नेलपॉलिश ऑब्जेक्टिव्हला लागू देऊ नका.

ही पायरी अँटीबॉडीच्या आधी का नाही? फॉर्मल्डिहाइड प्रथिनांना एकमेकांत गुंतवून टाकतं. मेटाफेजमधलं क्रोमॅटिन आधीच दाट असतं; त्यात सेन्प-एची ओळख पटवणारा भाग झाकला गेला की ठिपके फिके होतात किंवा काही गुणसूत्रांवर येतच नाहीत.

## पायरी ८: छायाचित्रं

१०० च्या किंवा ६३ च्या तेलाच्या ऑब्जेक्टिव्हने. लांब तरंगलांबीचा रंग आधी, डॅपी शेवटी. एक्सपोजर निरोगी स्लाइडवर ठरवा आणि रुग्णाच्या स्लाइडवर तेच ठेवा. ठिपक्याचा मधला भाग पांढराफेक झाला असेल तर एक्सपोजर कमी करा; अशा ठिपक्याची तीव्रता मोजता येत नाही. आपोआप उजळणारं सेटिंग बंद. ते काळ्या जागेतूनही ठिपका उकरून काढतं.

चांगल्या मेटाफेजमध्ये प्रत्येक गुणसूत्राच्या आवळलेल्या जागी सेन्प-सीचे दोन बारीक ठिपके शेजारी-शेजारी दिसतात, एकेका क्रोमॅटिडचा एक. सेन्प-बी थोडं पसरट, आतल्या बाजूला, आणि गुणसूत्रागणिक कमीजास्त. निष्क्रिय सेंट्रोमिअरच्या जागी सेन्प-बीचा ठिपका असतो, पण त्याच्यावर सेन्प-सीची जोडी नसते, आणि डॅपीत पाहिलं तर तिथे गुणसूत्र आवळलेलंही नसतं. या तीन गोष्टी एकाच जागी जुळल्या की शंका उरत नाही.

प्रत्येक छायाचित्राबरोबर स्टेजचे आकडे लिहून ठेवा. पुढच्या पायरीनंतर तीच पेशी शोधायची आहे.

## पायरी ९: फिश, फक्त गरज असेल तर

प्रथिनं कोणत्या गुणसूत्राच्या सेंट्रोमिअरवर आहेत हे डॅपीवरून कळत नसेल तर अल्फा सॅटेलाइटचे प्रोब लावा. कव्हरस्लिप सुटू द्या, मिथेनॉल-ॲसेटिक ॲसिड ३:१ मध्ये १५ मिनिटं, चढत्या इथेनॉलमध्ये कोरडं करा, मग ७० टक्के फॉर्मामाइड आणि दुप्पट एसएससीमध्ये (मीठ आणि सायट्रेटच्या बफरमध्ये) नेहमीप्रमाणे डीएनए उलगडून प्रोब रात्रभर ३७ अंशांवर. अँटीबॉडीचे रंग या सगळ्यात बरेचसे जातात. छायाचित्रं आधी काढायची ती यासाठीच.

> इशारा: १३ आणि २१ क्रमांकाच्या गुणसूत्रांचे अल्फा सॅटेलाइट इतके सारखे आहेत की एकच प्रोब दोघांवर बसतो. १४ आणि २२ चंही तसंच. १३;१४ च्या रॉबर्टसोनियनमध्ये हे दोन प्रोब दोन रंगांत लावले तर काम होतं, पण १३;२१ मध्ये ते दोन सेंट्रोमिअर वेगळे करू शकत नाहीत.

## पायरी १०: वाचन

आधी पेशी वाचण्यालायक आहे का ते ठरवा, मग संशयित गुणसूत्राकडे पाहा. क्रम उलटा केला की डोळा हवं तेच बघतो. निकष एकच: त्या पेशीतल्या बाकी सगळ्या सेंट्रोमिअरवर सेन्प-सी दिसलं पाहिजे. रॉबर्टसोनियन वाहकाच्या पेशीत ४५ गुणसूत्रं असतात, म्हणजे बाकीच्या ४४ वर. आयसोडायसेंट्रिक एक्स (दोन सारखे भाग जोडून झालेलं, दोन सेंट्रोमिअरचं एक्स) असलेल्या ४६ च्या पेशीत बाकीच्या ४५ वर. दोन-तीन ठिकाणी ठिपके नसतील तर ती पेशी सोडा. तिथे संशयित जागी ठिपका नसण्यालाही अर्थ नाही.

किमान ३० पेशी वाचा. शक्य असेल तर नमुना कोणाचा आणि अपेक्षा काय हे ज्याला माहीत नाही अशा सहकाऱ्याकडून.

सेन्प-बी दोन जागी आणि सेन्प-सी एका जागी: दुसरं सेंट्रोमिअर निष्क्रिय. टर्नर सिंड्रोममधल्या लांब भुजांच्या आयसोक्रोमोसोम एक्समध्ये हे चित्र वारंवार दिसतं, कारण त्यातली बरीचशी प्रत्यक्षात दोन सेंट्रोमिअरची असतात.

दोन्ही प्रथिनं दोन्ही जागी: घाईने प्रयोगाची चूक म्हणू नका. दोन सेंट्रोमिअर जवळजवळ असतील तर दोन्ही सक्रिय राहून गुणसूत्र टिकू शकतं. अशी एक्स गुणसूत्रं आणि रॉबर्टसोनियन माहीत आहेत. फक्त सेन्प-बीवाली नियंत्रण स्लाइड पुन्हा पाहा, गळती नाही ना. मग दोन्ही जागांच्या सेन्प-सीची तीव्रता पार्श्वभूमी वजा करून मोजा, आणि त्याच पेशीतल्या इतर गुणसूत्रांशी ताडून पाहा. दुसऱ्या जागी सरासरीच्या खूपच कमी तीव्रता असेल तर तसं नमूद करा, "सक्रिय" असा शिक्का मारू नका.

सेन्प-बी नाही, सेन्प-सी आहे: वायचा तुकडा किंवा निओसेंट्रोमिअर. वायच्या सेंट्रोमिअरचा प्रोब आणि सर्व सेंट्रोमिअरचा अल्फा सॅटेलाइट प्रोब लावून दोन्ही वेगळे करा. दोन सेंट्रोमिअरच्या वाय गुणसूत्राला मुळात सेन्प-बीची जोडी वापरूच नका. तिथे जागा दाखवण्याचं काम फिशकडेच द्यावं लागतं.

सेन्प-बी एका जागी, सेन्प-सीही एका जागी: दुसरं सेंट्रोमिअर निष्क्रिय आहे की गळूनच गेलं आहे हे प्रथिनं सांगू शकत नाहीत. फिश करा.

एकाच व्यक्तीच्या काही पेशींत एक सेंट्रोमिअर सक्रिय आणि काहींत दुसरं, असंही रॉबर्टसोनियनमध्ये आढळतं. म्हणून बेरीज करून एकच उत्तर देऊ नका. कोणत्या चित्राच्या किती पेशी, ते वेगवेगळं लिहा.

## ठिपकेच नाहीत, किंवा सगळीकडे ठिपके

सगळ्याच गुणसूत्रांवर काही नाही पण डॅपी छान असेल तर पहिला प्रश्न: पेशी ॲसेटिक ॲसिडमधून गेल्या होत्या का? नसतील तर निरोगी स्लाइडवर तीच अँटीबॉडी पाहा. तिथे ठिपके असतील तर रुग्णाच्या स्लाइड सुकल्या असाव्यात.

गुणसूत्रांच्या संपूर्ण लांबीवर हिरवी झाक असेल तर अँटीबॉडी जास्त झाली आहे किंवा धुणं कमी पडलं आहे. प्रमाण आणखी पातळ करा. बीएसए वाढवून फारसा उपयोग होत नाही. इंटरफेज पेशींत (विभाजन सुरू नसलेल्या) ठिपके स्पष्ट आणि मेटाफेजमध्ये फिके असतील तर फुगवणं कमी पडलं आहे, अँटीबॉडी दाट गुणसूत्रात शिरलीच नाही.

## अहवाल कसा लिहाल

"सेंट्रोमिअर सक्रिय आढळलं" एवढं वाक्य अपुरं आहे. कोणतं प्रथिन, किती पेशी, कोणत्या जागी, हे तिन्ही हवं. नमुना असा: "३० मेटाफेज वाचले. सेन्प-बी दोन्ही जागी ३० पेशींत. सेन्प-सी फक्त १४ क्रमांकाच्या सेंट्रोमिअरवर २७ पेशींत, फक्त १३ क्रमांकाच्या सेंट्रोमिअरवर एकाही पेशीत नाही, दोन्हींवर ३ पेशींत." क्रेस्ट वापरलं असेल तर तसं स्पष्ट लिहा आणि त्यावरून सक्रियतेचा निष्कर्ष काढू नका.

एक सेंट्रोमिअर निष्क्रिय ठरलं तर आंतरराष्ट्रीय नामांकनात अशा गुणसूत्राला सूडोडायसेंट्रिक म्हणतात, आणि सूत्र लिहिताना सक्रिय सेंट्रोमिअर ज्या गुणसूत्राचं असेल ते आधी लिहायचं असतं. प्रक्रिया न केलेल्या मूळ छायाचित्रांच्या फायली अहवालाच्या क्रमांकाखाली जपून ठेवा. स्लाइड उणे २० अंशांवर, सिलिका जेलच्या बंद डब्यात, अंधारात.